पहिलं वर्ष कॉलेजात, दुसऱ्या वर्षापासून विद्यापीठात: लेकीच्या इंजिनिअरिंगचा अनुभव (ब्रिटिश कोलंबिया, कॅनडा)

कृष्णाकाठ

बरेच दिवस लिहायचं मनात होतं. गेल्या महिन्यात ओळखीतल्या तीन घरांतून फोन आले, तिन्ही व्हँकुव्हरशेजारच्या सरी शहरातले, आणि प्रश्न एकच: "यूबीसीनं (म्हणजे ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठानं) नाही म्हटलंय. आधी कॉलेजात पहिलं वर्ष करून मग विद्यापीठात जाता येतं म्हणे, खरं का? पोराचं वर्ष वाया तर जायचं नाही ना?" तिघांशीही तासतासभर तेच बोललो. आता इथेच मांडतो, म्हणजे पुढच्या वर्षी कुणाला हवं झालं तर सापडेल.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. आपल्याकडे इंजिनिअरिंग कॉलेज म्हटलं की पदवीचं कॉलेज. इथे कॉलेज वेगळं, विद्यापीठ वेगळं. ब्रिटिश कोलंबियात लँगारा, डग्लस, सेलकर्क, ओकानागन, प्रिन्स जॉर्जचं न्यू कॅलिडोनिया अशी बरीच सरकारी कॉलेजं इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष शिकवतात. कॅपिलानो आणि व्हँकुव्हर आयलंड यांच्या नावात आता युनिव्हर्सिटी आहे, पण ती मूळची कॉलेजंच, आणि तिथेही हे वर्ष होतं. ते पुरं करून यूबीसी, व्हिक्टोरिया विद्यापीठ किंवा एसएफयूत (सायमन फ्रेझर विद्यापीठात) दुसऱ्या वर्षासाठी अर्ज करायचा. पदवी विद्यापीठाचीच मिळते.

आता आमचं. २०२२ च्या वसंतात लेक बारावीला होती. गुण नव्वदीच्या आसपास. यूबीसी गुणांबरोबर मुलांनी स्वतःबद्दल लिहिलेली उत्तरंही वाचते, त्यामुळे नुसत्या टक्क्यांवर कुणी छातीठोक सांगू शकत नाही. नकाराची ईमेल आली तेव्हा ती शाळेत होती. घरी आली, दप्तर दारातच टाकलं आणि खोलीचं दार लावून घेतलं. संध्याकाळी बायको म्हणाली, "तू बोल. तुला ठाऊक आहे हे."

मला ठाऊक होतं, कारण मी सांगली जिल्ह्यातला डिप्लोमावाला. दहावीनंतर तीन वर्षं तंत्रनिकेतन आणि मग थेट द्वितीय वर्ष. ज्यांनी हे केलंय त्यांना वेगळं सांगायला नको. वर्गात पहिल्या वर्षापासूनची मुलं एका बाजूला, आम्ही नऊजण शेवटच्या दोन बाकांवर. हजेरीपटातही आमची नावं यादीच्या तळाशी, पेनानं वाढवलेली. वडील नातेवाइकांत माझं शिक्षण काढायचे नाहीत. पदवी हातात आल्यावर पेढे वाटले आणि मगच बोलायला लागले. त्यांना दोष देत नाही, पण ती वर्षं मी विसरलेलो नाही. लेकीच्या बाबतीत असं होऊ द्यायचं नाही, हे त्या संध्याकाळी दाराबाहेर उभा राहूनच ठरवलं. दुसऱ्या दिवशी भारतात फोन करून आईला सांगितलं, "नात लँगाराला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला चाललीय." पुढे 'नाइलाजानं' वगैरे शेपूट जोडलं नाही.

सप्टेंबरमध्ये कॉलेज सुरू झालं. किंग जॉर्ज स्टेशनवरून स्कायट्रेननं मेट्रोटाउन, तिथून ४९ नंबरची बस. ही बस फोर्टी-नाइन्थ अव्हेन्यूनं लँगारावरून पुढे थेट यूबीसीला जाते. रोज सकाळी लेक मध्येच उतरायची, आणि तिच्याच वयाची, तशाच पाठपिशव्या घेतलेली पोरं बसून राहायची. पहिल्या महिन्यात एकदा जेवताना ती म्हणाली, "बाबा, उतरताना मी कुणाकडे बघत नाही." मी काही बोललो नाही. ताटात भाजी वाढली.

नोव्हेंबरपर्यंत मात्र तिचा सूर बदलला. कारण साधं होतं. वर्गात छत्तीस मुलं होती. यूबीसीत पहिल्या वर्षाच्या व्याख्यानाला दोन-दोनशे मुलं बसतात. मेकॅनिक्समध्ये तिची एक चूक सारखी व्हायची: घर्षणबल नेहमी गतीच्या उलट दिशेनं काढायची. उत्तर कधी बरोबर यायचं, कधी चुकायचं, आणि का ते कळायचं नाही. तिसऱ्या गृहपाठानंतर सरांनी तिला थांबवून घेतलं, खोलीभर चालायला लावलं आणि विचारलं, "तुझ्या बुटाखाली जमीन तुला कुठल्या बाजूला ढकलतेय?" तिनं नेहमीप्रमाणे "मागे" म्हटलं. मग ओल्या फरशीवर चालताना पाय कुठे घसरतो ते विचारलं. पाय मागे घसरू पाहतो, म्हणून घर्षण पुढे लागतं, आणि त्याच्याच जोरावर माणूस पुढे जातो. पंधरा मिनिटांचा मामला, पण त्या दिवसानंतर फ्री बॉडी डायग्राम (वस्तूवरची बलं दाखवणारी आकृती) काढताना ती आधी 'घसरेल कुठे' हे पेन्सिलीनं बारीक लिहायला लागली. हे मला वर्गातल्या शेवटच्या बाकावर कुणी सांगितलं असतं तर माझे दोन विषय राहिले नसते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आपल्याला जायचंय त्या विद्यापीठाचं दुसरं वर्ष काय मागतं, ते पहिल्या सप्टेंबरलाच बघा. एप्रिलमध्ये बघून उपयोग नाही. बीसी ट्रान्सफर गाइड नावाचं प्रांताचं संकेतस्थळ आहे, फुकट. कॉलेज निवडा, विषय टाका, की तो कुठल्या विद्यापीठात कशाच्या बदल्यात धरला जातो ते दिसतं. आम्ही त्यावरून एक मोठा तक्ता केला आणि फ्रिजवर लावला. डावीकडे कॉलेजचा विषय, पुढे तीन रकाने: यूबीसी, व्हिक्टोरिया, एसएफयू. जिथे नेमका विषयक्रमांक दिसतो तिथे हिरवी टिकली. जिथे 'गणित, पहिलं वर्ष, ३ क्रेडिट' एवढंच लिहिलेलं असतं तिथे लाल. लालचा अर्थ असा की क्रेडिट मिळेल, पण तुमचा अनिवार्य विषय झाला असं धरतीलच याची खात्री नाही. हा फरक न कळल्यामुळे मुलं अडकतात.

आमच्या तक्त्यात दोन लाल होते. एक प्रोग्रॅमिंगचा. यूबीसीच्या पहिल्या वर्षाला सी भाषा होती आणि लेकीनं दुसऱ्याच भाषेचा वर्ग घेतला होता, कारण त्याची वेळ सोयीची होती. तक्ता केल्यामुळे हे दुसऱ्या आठवड्यातच लक्षात आलं, बदलता आलं. डिसेंबरमध्ये लक्षात आलं असतं तर उन्हाळा गेला असता.

अर्ज जानेवारीच्या आसपास भरायचे असतात, म्हणजे हातात पहिल्याच सत्राचे गुण असतात. म्हणून पहिलं सत्र 'जरा रुळू दे' म्हणून सोडून देऊ नका. लेकीला यूबीसी आणि व्हिक्टोरिया दोन्हींकडून होकार आला. तिनं यूबीसी घेतलं, सिव्हिल.

सप्टेंबर २०२३ च्या पहिल्या मंगळवारी मी कामावर होतो. नऊच्या सुमारास तिचा मेसेज आला: "आज उतरले नाही."

विचारा काय विचारायचं ते. जमेल तसं उत्तर देतो.

पाटीपेन्सिल

शेवटची ओळ वाचून डोळ्यांत पाणी आलं हो. लेकीला खूप शुभेच्छा.

एक शंका. कॉलेजातले गुण विद्यापीठाच्या सरासरीत धरतात का?

कृष्णाकाठ

धन्यवाद. गुण येत नाहीत, क्रेडिट येतं. प्रवेश देताना ते गुण बघतात, नंतर विद्यापीठातली सरासरी कोऱ्या पाटीवर सुरू होते. याची दुसरी बाजूही लक्षात घ्या. पहिल्या वर्षी झकास गुण असले तरी पुढच्या सरासरीला त्यांचा आधार नाही. दुसऱ्या वर्षाचा पहिला धक्का सगळा त्या कोऱ्या पाटीवरच बसतो.

जुनाजाणता

मी या प्रांतात १९७१ साली आलो, त्यामुळे थोडा इतिहास माझ्याकडून. 'कॉलेज म्हणजे ज्यांना कुठे मिळत नाही त्यांची जागा' हा समज आपल्या लोकांनी बाहेरून आणलाय. इथली व्यवस्था मुळातच विद्यापीठाकडे जाण्यासाठी उभी केली आहे.

१९६२ मध्ये यूबीसीचे तेव्हाचे अध्यक्ष जॉन मॅकडोनाल्ड यांनी प्रांताच्या उच्च शिक्षणाचा एक अहवाल लिहिला. तोवर विद्यापीठ म्हणजे व्हँकुव्हरच्या टोकाचं यूबीसी. डोंगरापलीकडच्या गावातल्या पोरानं घरदार सोडून तिथे यायचं नाहीतर शिक्षण सोडायचं. मॅकडोनाल्डांनी सांगितलं की प्रांतभर दोन वर्षांची कॉलेजं काढा, मुलांना घराजवळ सुरुवात करू द्या आणि मग विद्यापीठात येऊ द्या. त्यातून १९६६ मध्ये कॅसलगारला सेलकर्क कॉलेज उभं राहिलं, कूटनी आणि कोलंबिया नद्यांच्या संगमाजवळ. मी कामानिमित्त त्या भागात चार वर्षं होतो. तिथल्या खाणीत आणि लाकूडगिरणीत राबणाऱ्यांची मुलं पहिलं वर्ष गावात करून व्हँकुव्हरला जायची, आणि गावात त्यांच्याकडे कौतुकानंच बघायचे. कुणी त्यांना दुय्यम म्हटलेलं मी ऐकलं नाही.

पुढे १९८९ मध्ये ही क्रेडिटची देवाणघेवाण सांभाळायला प्रांतानं एक परिषदच नेमली. तुमचा तो ट्रान्सफर गाइड तिचाच. भारतातून आलेल्या पालकांना मी नेहमी सांगतो: अहो, हा चोरदरवाजा नाही. घर बांधतानाच ठेवलेला दरवाजा आहे.

मॉन्ट्रियलची मावशी

जुनाजाणता काकांना अनुमोदन. आमच्या क्वेबेकात तर हा प्रश्नच उद्भवत नाही. इथे शाळा अकरावीला संपते आणि मग विद्यापीठात जाणाऱ्या सगळ्यांनाच सीजेप नावाच्या कॉलेजात दोन वर्षं करावी लागतात. मॅकगिल विद्यापीठात इंजिनिअरिंग करणारी क्वेबेकातली मुलंही सीजेपमधूनच येतात. शेजारणीच्या मुलानं तिथे कॅल्क्युलस, फिजिक्स, केमिस्ट्री सगळं केलं, आणि मी त्याच्या आईला "कॉलेजात का टाकलंत?" असं विचारलं तेव्हा ती माझ्याकडे बघतच राहिली. नवीन होते मी तेव्हा. सगळेच ज्या वाटेनं जातात तिची कुणाला लाज वाटत नाही, एवढं मला त्या दिवशी समजलं.

रानजाई

कृष्णाकाठ, तुम्ही लिहिलंत त्यातली लाल टिकली माझ्या मुलाच्या वाट्याला आली. म्हणून लिहिते. कॉलेजचं नाव घेत नाही, कारण तिथले शिक्षक खरोखर चांगले होते.

पहिल्या सत्रात त्याला सहा विषय झेपेनात. अगदी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागायचा. सल्लागारबाईंकडे गेला. त्या म्हणाल्या, फिजिक्सचा दुसरा भाग पुढे ढकल, काही बिघडत नाही. कॉलेजच्या दृष्टीनं खरंच काही बिघडत नव्हतं. पण तो विषय जोडीतला होता. पहिला आणि दुसरा भाग दोन्ही केले तरच विद्यापीठात त्यांचे मिळून दोन विषय धरणार होते. एकट्या पहिल्या भागाला नुसतं सुटं क्रेडिट. गाइडमध्ये ते लिहिलेलं होतं, आम्ही वाचलंच नव्हतं.

एप्रिलमध्ये कळलं तेव्हा दुसरा भाग थेट पुढच्या जानेवारीत होता. त्या एका विषयानं त्याचं वर्ष गेलं. घरी बसला नाही, एका गोदामात काम केलं, पण माझ्या जिवाला लागलेला घोर मी विसरू शकत नाही. रोज रात्री साडेअकराला बुटांचा आवाज यायचा आणि मी जागी आहे हे त्याला कळू नये म्हणून दिवा मालवायचे.

आता तो व्हिक्टोरियाला तिसऱ्या वर्षाला आहे, इलेक्ट्रिकल. तिथे को-ऑप, म्हणजे शिक्षणाचाच भाग म्हणून मध्ये नोकरी करणं, सक्तीचं आहे, त्यामुळे सध्या आठ महिने नोकरीवर. चांगलं चाललंय. तरी कुणाचंही पोर या जोडविषयात अडकू नये म्हणून हात जोडून सांगते: विषय सोडायच्या आधी गाइडमधली ती ओळ शेवटपर्यंत वाचा. सल्लागारांना "हा विषय सोडला तर इथे काय होईल?" असं विचारू नका. "तिकडे काय होईल?" असं विचारा.

कृष्णाकाठ

रानजाई ताई, मनापासून आभार. जोडविषयांचं मी लिहायला हवं होतं. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. तुमचा अनुभव वाचून चार घरं वाचतील.

आणखी एक जोडतो: विषय ज्या वर्षी केला त्या वर्षाचा कॉलेज आणि विद्यापीठातला क्रेडिटचा करार लागू होतो. त्यामुळे मोठ्या भावाचा दोन वर्षांपूर्वीचा तक्ता धाकट्यासाठी जसाच्या तसा वापरू नका.

गणिताची बाई

मी बर्नबीत कॉलेजच्या मुलांना गणित शिकवते, पूर्वी पुण्यात इंजिनिअरिंगच्या मुलांच्या शिकवण्या घ्यायचे. दोन्हीकडचं बघितलंय, म्हणून दुसऱ्या वर्षाबद्दल बोलते.

आपल्याकडे थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्या डिप्लोमाच्या मुलांची एम-थ्रीला, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरला, दाणादाण उडते. त्याचं कारण हुशारी नव्हे. पहिल्या वर्षाचं एम-वन आणि एम-टू त्यांनी त्या खोलीनं केलेलंच नसतं आणि समोर एकदम लाप्लास, फूरिए, व्हेक्टर कॅल्क्युलस येतं. माझ्याकडे एक मुलगा यायचा, साताऱ्याचा. लेथवर त्याचा हात असा चालायचा की बघत राहावं, ड्रॉइंग तर छापल्यासारखं. पण इंटिग्रल समोर आलं की त्याचा चेहरा पडायचा. त्याला आम्ही दिवाळीच्या सुट्टीत एकवीस दिवसांत एम-वन शिकवलं. पास झाला, आणि नुसता पास नाही, चांगला पास झाला.

इथल्या कॉलेजच्या मुलांचा हा प्रश्न नसतो, कारण त्यांनी पहिल्या वर्षाचं कॅल्क्युलस आणि रेषीय बीजगणित विद्यापीठाच्याच तोडीचं केलेलं असतं. त्यांना अडतं ते वेगाला आणि पेपरच्या घाटाला. कॉलेजात शिक्षक आठवड्याला गृहपाठ बघतात, चुकलं की ओरडतात. विद्यापीठात कुणी विचारत नाही. थेट मध्यसत्र परीक्षा येते. यूबीसीचा फिजिक्स १७० हा मेकॅनिक्सचा विषय आहे, त्याच्या नावानंच मुलं घाबरतात. तुमच्या मुलानं त्याच्या बदल्यातला विषय कॉलेजात केला असला तरी जुन्या प्रश्नपत्रिका मिळवून उन्हाळ्यात घड्याळ लावून सोडवायला बसवा. जुलैत दोन तास, फोन दुसऱ्या खोलीत. मी हे सगळ्यांकडून करून घेते.

आणि ज्यांना यूबीसीत मेकॅनिकल हवंय त्यांच्यासाठी: तिथलं दुसरं वर्ष सुट्या विषयांचं नाही. सगळे विषय एकत्र गुंफून शिकवतात, मेक टू म्हणतात त्याला. त्यात पहिल्या वर्षाचा मागे राहिलेला विषय घुसवायला जागा मिळणं कठीण. तेव्हा मेकॅनिकलवाल्यांनी सगळं निपटूनच जावं.

नाशिककर

नमस्कार. मुलगा बारावीला आहे, नाशिकला. इथूनच थेट कॅनडाच्या कॉलेजात पहिलं वर्ष करून मग यूबीसीला पाठवता येईल का? एजंट म्हणतो सगळं सोपं आहे.

जुनाजाणता

येतं, पण 'सोपं' या शब्दावर विश्वास ठेवू नका. परदेशी विद्यार्थ्यांची फी स्थानिकांच्या कितीतरी पट असते, कॉलेजातसुद्धा, आणि विद्यापीठात गेल्यावर ती आणखी वाढते. चारही वर्षांचा हिशेब मांडा, फक्त पहिल्याचा नको.

दुसरं, परवान्याचं. नोव्हेंबर २०२४ पासून कॅनडात शिकायला आलेल्या मुलानं संस्था बदलली की नवा स्टडी परमिट काढावा लागतो. पूर्वी नुसतं ऑनलाइन कळवून भागायचं. म्हणजे कॉलेजातून विद्यापीठात जाताना प्रवेश मिळाला तरी कागदपत्रांची दुसरी फेरी आहेच. एजंटाला हे तोंडावर विचारा.

कृष्णाकाठ

@नाशिककर, आणखी एक विचारा: तो तुमच्या मुलाला नेमकं कशात घालतोय? 'इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजी डिप्लोमा' हा वेगळा रस्ता आहे. दोन वर्षांचा असतो, त्यातून टेक्नॉलॉजिस्ट होता येतं, चांगली कामं मिळतात. बीसीआयटीचा (ब्रिटिश कोलंबिया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचा) त्यात मोठा लौकिक आहे. पण तो म्हणजे पदवीचं पहिलं वर्ष नव्हे. नावात इंजिनिअरिंग दिसलं म्हणून लोक फसतात. डिप्लोमा करूनही पुढे पदवीला जाता येतं, व्हिक्टोरियाच्या कॅमोसन कॉलेजात त्यासाठी खास जोडसत्रं आहेत, पण ती वाट आधीच ठरवून धरायची असते.

आणि एक स्पष्ट बोलतो, राग मानू नका. मुलाला महाराष्ट्रात बऱ्यापैकी कॉलेज मिळत असेल तर सतरा-अठराच्या पोराला केवळ या वाटेसाठी एवढ्या लांब, एवढ्या खर्चात पाठवू नये असं मला वाटतं. ही वाट इथे राहणाऱ्या मुलांसाठी आखलेली आहे. घरून डबा घेऊन जाता येतं, हेच तिचं अर्धं बळ.

नाशिककर

राग कसला! उलट बरं वाटलं. एजंटानं टेक्नॉलॉजीचाच कागद दिला होता, आत्ता काढून पाहिला.

रेड डिअर

अल्बर्टातून थोडक्यात. इथे रेड डिअर पॉलिटेक्निकमध्ये पहिलं वर्ष करून एडमंटनला युनिव्हर्सिटी ऑफ अल्बर्टात दुसऱ्या वर्षाला जातात. पुतणी तशीच गेली. शाखा दुसऱ्या वर्षाला ठरते आणि ती पहिल्या वर्षाच्या गुणांवर, त्यामुळे चढाओढ सगळ्यांशीच. बाकी वरचं सगळं इथेही लागू.

शंकेखोर

सगळं वाचलं. तरी माझी भीती वेगळीच आहे. मुलगा मुळात अबोल. दुसऱ्या वर्षाला जाईल तेव्हा तिथल्या सगळ्यांचे गट झालेले असणार. वर्षभर एकटाच पडला तर? अभ्यासाचं होईल हो, पण हे कसं निभवायचं?

कृष्णाकाठ

हा प्रश्न मी लेकीलाच वाचून दाखवला. खालचं तिनं सांगितलं, मी टाइप केलंय. मराठी तिचंच आहे, मी फक्त शुद्धलेखन बघितलं.

"काका, पहिले तीन आठवडे खरंच वाईट होते. खोटं नाही सांगत. लॅबमध्ये जोड्या करायला सांगितलं की सगळे एकमेकांकडे वळायचे आणि मी तशीच उभी. मी बाथरूममध्ये जाऊन डबा खाल्लाय एकदा. आईला हे माहीत नव्हतं, आज कळलं.

मग काय झालं सांगते. सर्वेइंगच्या विषयात बाहेर मैदानावर लेव्हल (उंचीतला फरक मोजायचं यंत्र) तिपाईवर लावायची होती. माझ्या गटातल्या दोघींना तिपाईचे पाय उतारावर कसे ठेवायचे ते जमत नव्हतं. मला बाबांनी घरामागच्या अंगणात शिकवलं होतं, दोन पाय उताराच्या खालच्या बाजूला आणि एक वर. मी ते करून दाखवलं. नंतर त्या दोघी आणि मी कॉफी प्यायला गेलो. त्यातली एक डग्लस कॉलेजमधून आलेली निघाली. ती पण रोज एकटीच जेवायची, माझ्यापासून दोन इमारती पलीकडे.

वर्गात कॉलेजातून आलेले बरेच असतात, पण कुणाच्या कपाळावर लिहिलेलं नसतं. तुमच्या मुलाला सांगा, पहिल्याच आठवड्यात मोठ्यानं म्हणायचं, 'मी कॉलेजातून आलोय, अजून कोण आहे?' मी हे तीन आठवडे उशिरा म्हटलं. आणि त्याला मेन मॉलवर इंजिनिअर्सचा जो काँक्रीटचा केर्न, म्हणजे स्मारकस्तंभ, आहे तिथे फोटो काढू दे. मी पहिल्या दिवशी काढला नव्हता, वाटायचं माझा नाहीये तो. नंतर डग्लसवालीबरोबर काढला."

बाथरूमचं ऐकून बायको उठून तिच्याजवळ जाऊन बसली आहे. मी इथेच थांबतो आज.

पाटीपेन्सिल

बाळा, खूप मोठी हो.

मॉन्ट्रियलची मावशी

डबा कधीही एकटीनं खाऊ नकोस गं. मॉन्ट्रियलला आलीस तर सरळ घरी ये.

रानजाई

@शंकेखोर, माझा मुलगाही अबोल. त्याला को-ऑपच्या नोकरीनं बोलतं केलं. तुमचा मुलगा व्हिक्टोरियाला जाणार असेल तर मला निरोप पाठवा, दोघांची गाठ घालून देते. सध्या तो तिथेच आहे, आणि स्वयंपाक बरा करतो.

गणिताची बाई

आणि तो कुठेही जाणार असला तरी ऑगस्टआधी माझ्याशी बोला. फी नको. आठवड्यातून एकदा दोन तास ऑनलाइन बसू, मेकॅनिक्स आणि कॅल्क्युलस. आणखी दोघं-तिघं जमली तर चांगलंच, दुसऱ्या वर्षाला जाताना ओळखीचे चेहरे आधीच असतील.

शंकेखोर

काय लिहू कळत नाही. तुम्हा सगळ्यांचे उपकार आहेत.

रात्री मुलाला सगळा धागा वाचून दाखवला. लेकीचं बोलणं त्यानं दोनदा वाचायला लावलं. मग स्वतः उठून कागद घेऊन बसला. तक्ता झालाय, फ्रिजवर लावलाय. नऊ हिरव्या टिकल्या, दोन लाल. एक लाल केमिस्ट्रीची आहे आणि रानजाई ताई, ती जोडीचीच निघाली. तो विषय येत्या सत्रात सोडायचं त्याच्या मनात होतं, आम्हाला बोलला नव्हता. सोमवारी सकाळी साडेदहाला सल्लागारांची वेळ घेतली आहे. काय विचारायचं ते त्यानं हातावर लिहून ठेवलंय: "तिकडे काय होईल?"